ब्रिजपासून चार बोटं

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे आणि माझा कोणावरही पटकन विश्वास बसत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझ्या चार जाड तारा आणि लांब मान बघून तुम्ही माझं कौतुक केलंत, तर मी आधी तुमचे हात बघेन. हातात मोजपट्टी दिसली तर तुमचं माझं जमणार नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने मला एका जड फळीतून कापलं, घासलं, पॉलिश केलं. मग एक काळी पट्टी माझ्या अंगावर इकडेतिकडे ठेवून बघत तो बराच वेळ उभा राहिला. तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. विजेवर चालणाऱ्या गिटारचा तो कानच. तार हलली की तो ऐकतो आणि स्पीकरला कळवतो. पण या कानाला अख्खी तार ऐकू येत नाही. त्याच्या डोक्यावर तारेचा जेवढा तुकडा असतो, तेवढाच तो ऐकतो.

तुम्ही दोरीवरच्या उड्या मारता ना? मधोमध दोरी केवढी मोठी फिरते, आणि हातापाशी नुसती थरथरते. माझ्या तारांचंही तसंच आहे. मानेच्या बाजूला त्या ऐसपैस झुलतात. तिथे पिकअप बसवला तर आवाज जाड आणि गोल येतो, पोटातून आल्यासारखा. तारा जिथे शेवटी अडकवतात त्या लोखंडी पट्टीला ब्रिज म्हणतात. ब्रिजपाशी तारा जेमतेम थरथरतात. तिथला आवाज पातळ, पण टोकदार. एकेक सूर सुटा कळतो. तार तीच, बोट तेच, फक्त कान कुठे ठेवला त्याचा फरक. कारागिराला जाड आवाजाची आवड होती. मला न विचारता त्याने पिकअप मानेला चिकटून बसवला.

माझा पहिला मालक उंच होता आणि मला रोज पुसायचा. एके दिवशी त्याने माझे फोटो काढले, मोजपट्टीने मला डोक्यापासून पायापर्यंत मोजलं, आणि दुसऱ्या दिवशी मी खोक्यात बंद होऊन भलत्याच घरी पोहोचले. तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते.

ते भलतं घर काकांचं होतं. काका दिवसा छापखान्यात मशीन चालवायचे आणि सुटीच्या दिवशी पाच जणांच्या वाद्यवृंदात मला वाजवायचे. त्यांच्या गळ्यात मी वीस वर्षं राहिले. गायिका म्हणायची, "काका वाजवायला लागले की पायाखाली जमीन आहे असं वाटतं." हे ऐकून मी मनात फुलायचे. तोंडावर दाखवत नसे, कारण पहिला मालकही असाच गोड बोलायचा.

मग काकांचं वागणं बदललं. घरी वाजवताना ते खुर्चीत वाकून बसू लागले आणि माझ्या वरच्या शिंगावर, म्हणजे मानेशेजारी पुढे आलेल्या लाकडी टोकावर, जबडा टेकू लागले. वीस वर्षांत कधी असं केलं नव्हतं. मला वाटलं, माणूस कंटाळलाय, डुलक्या काढतोय. गाण्यात ते मागे पडू लागले. गायिकेने एकदा हळूच म्हटलं, "काका, अर्धी मात्रा उशीर होतोय." काका म्हणाले, "गिटारच्या आवाजातच दम राहिला नाही." म्हणजे बघा, खापर माझ्या डोक्यावर! माझ्या मनात पाल चुकचुकली. आणि त्याच आठवड्यात त्यांची लेक मोजपट्टी घेऊन आली, तिने मला मोजलं आणि फोनवर माझे फोटो काढले.

मी समजले ते समजले.

आम्ही गेलो ते गिटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या दुकानात. खोली एवढीशी, भिंतीला माना टांगलेल्या, टेबलावर वितळलेल्या कथलाचा वास. लेकीने पाठवलेले फोटो त्याच्या फोनवर उघडेच होते. मला वाटलं, जुनी गिटार रंगवून-सजवून कुणाच्या तरी गळ्यात मारायचा हा डाव आहे. मिस्त्रीने माझा पिकअप उपसून काढला, उलटा करून तारांच्या वर धरला आणि बोटाबोटाने ब्रिजकडे सरकवू लागला. काका स्टुलावर बसून एकच सूर वाजवत होते. जबडा नेहमीसारखा माझ्या शिंगावर.

"इथे?"

"नाही रे, नुसती घुमघुम."

"इथे?"

"अजून पुढे घे."

ब्रिजपासून दोन बोटांवर आल्यावर काकांचा चेहरा उजळला. "हां! आता कसं! सूर न् सूर सुटा येतोय. आणि खालचा जाडपणाही तसाच आहे."

मिस्त्री चुळबुळला. "काका, मला तर पातळ वाटतोय."

"तू आधी तुझे कान तपासून घे," काका म्हणाले आणि दोघेही हसले. मिस्त्रीने तिथे नवा खड्डा कोरला. लाकूड कोरतात तेव्हा काय वाटतं ते मी सांगत नाही.

तालमीला काका मला पट्ट्याने गळ्यात अडकवून उभे राहिले. पहिलंच गाणं मध्यावर थांबवून गायिका वळली. "काका, बासचं पोट कुठे गेलं? पत्र्याच्या डब्यावर खडे पडल्यासारखं वाजतंय." मग नजर चुकवत म्हणाली, "शनिवारच्या कार्यक्रमाला दुसऱ्या कुणाला विचारू का? फक्त यावेळी."

काकांनी मला गळ्यातून उतरवलं. घरी येऊन त्यांनी मला कपाटामागे उभं केलं. दोन दिवस मी तिथे धूळ खात होते आणि खोक्याची वाट बघत होते. काकांचं वाजवणं संपलं तर माझंही संपलं, एवढं मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी लेकीने मला बाहेर काढलं. पुसता पुसता तिचा हात शिंगावर थांबला. तिथलं पॉलिश उडून रुपयाएवढा फिका डाग पडला होता. तिने काकांकडे पाहिलं. त्यांच्या जबड्यावर रोज उमटणारा लाल वळ तिला आठवला असावा.

"बाबा, तुम्ही हिच्यावर जबडा का टेकता?"

"सवय."

"बाबा."

काका खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "कानाने नुसती घुमघुम येते गं. सूर कुठला, कधी सुरू झाला, पत्ता लागत नाही. छापखान्यातल्या मशीनने कान खाल्ले. जबडा टेकला की हिचं लाकूड हाडातून बोलतं. कुणाला सांगू? बहिऱ्या वादकाला कोण उभं करील?"

लेक खाली बसली. "मग त्या दिवशी दुकानातही तुम्ही जबडा टेकूनच जागा ठरवलीत. खालचा जाडपणा लाकडातून तुम्हाला एकट्याला मिळत होता. पिकअपमध्ये तो नव्हताच!"

मित्रांनो, इतके दिवस तो माणूस मला विकायला निघाला नव्हता; ती मापं आणि फोटो फक्त मिस्त्रीसाठी होते. माझा आवाज हरवू नये म्हणून मला चिकटून बसत होता. आणि मी म्हणत होते, डुलक्या काढतोय! मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः गायिकेला फोन करून दुकानात बोलावलं आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. ती त्यांच्यावर रागावलीच. "वीस वर्षं एकत्र वाजवतोय, एवढंही सांगता आलं नाही? मी उगीच टोचून बोलत राहिले." काका लांबच्या भिंतीशी बसले, हात गुडघ्यांवर. गायिका दाराशी उभी राहिली. लेकीने मला मांडीवर घेऊन तिला येणारा एकुलता एक सूर वाजवायला सुरुवात केली. मिस्त्रीने पिकअप सरकवायचा, आणि ज्याला चांगलं ऐकू येईल त्याने हात वर करायचा.

मानेपाशी गायिकेचा हात वर, काकांचा खाली. ब्रिजपाशी काकांचा वर, गायिकेचा खाली. मिस्त्री एकेक बोट मागे येत गेला. तीन बोटं. गायिकेने मान वाकडी केली. चार बोटं, आणि दोन हात एकदम वर गेले.

"धर, तिथेच धर," काका म्हणाले.

शनिवारी काका वाजवायला उभे राहिले आणि एकदाही मागे पडले नाहीत. माझे आधीचे दोन खड्डे मिस्त्रीने वेगळ्या रंगाच्या लाकडाने बुजवले आहेत. ठिगळं दिसतात, दिसू देत.

मित्रांनो, दणदणाटाशेजारी काम करत असाल तर कान जपा, आणि ऐकू येईनासं झालं तर लपवू नका. आपल्या माणसाचं वागणं अचानक बदललं, तर लगेच संशय घेऊ नका. जवळ जाऊन विचारा. मला विचारता येत नव्हतं, तुम्हाला येतं.

काकांच्या कानात आता यंत्र आहे. तरी रोज सकाळी छापखान्यात जाण्याआधी ते यंत्र काढून ठेवतात, मला मांडीवर घेतात आणि शिंगावर जबडा टेकतात. हातात मोजपट्टी नाही ना, हे मी अजूनही आधी बघून घेते. मग वाजते.