खुनी न सापडलेलं पुस्तक

वाचनालयाच्या समितीचं पत्र आलं तेव्हा ग्रंथपालबाई शिडीवर होत्या. यापुढे 'साहित्य' वरच्या मजल्यावर आणि रहस्य, भय, प्रेमकथा वगैरे 'करमणूक' खाली, असा ठराव झाला होता. बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. गुडघे केव्हाच निवृत्त झाले होते. वाद घालण्याचं त्राण नव्हतं. पत्राची घडी करून त्या कामाला लागल्या.

नऊ दिवस त्या पुस्तकं वर नेत होत्या. एका कादंबरीपाशी मात्र हात अडला. जन्मभर रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाचं ते शेवटचं पुस्तक. खून पहिल्याच पानावर, पण पुढे पोलीस कमी आणि मेलेल्याची बायकोच जास्त. बाईंनी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला.

"खुनी सापडतो का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"मग वर ठेवा."

सोमवारी पंपवाले काका आले. पाणीपुरवठ्याच्या पंपावर उभी हयात घालवलेला हा माणूस रहस्यकथांशिवाय कशाला हात लावत नसे. बायको गेल्यापासून दोन महिने ते फिरकले नव्हते. त्यांनी नेमकं तेच पुस्तक मागितलं.

"तिला दवाखान्यात वाचून दाखवत होतो," ते म्हणाले. "वीसेक पानं राहिली, पुस्तक तसंच परत पाठवलं. खुनी कोण ते तिनं ओळखलं होतं. पण सांगेना. म्हणाली, तुम्ही आधी शेवट वाचा."

खुनी सापडतच नाही हे सांगून टाकावंसं बाईंना वाटलं. पण कठडा धरत त्या वर गेल्या आणि पुस्तक घेऊन आल्या. काका खिडकीजवळ वाचत बसले. तासाभरानं पुस्तक घेऊन टेबलाशी आले.

"पानं गळलीत का यातली?"

"नाही काका. एवढंच आहे."

"हा तर सांगतच नाही."

"नाही सांगत."

काका समोरच्या खुर्चीत बसले. 

"मग तिनं कुणाला ओळखलं होतं?"

 बाई म्हणाल्या, "मला त्या मेलेल्याच्या बायकोचाच संशय आला होता."

"छे. तिच्यावर आमची ही कधी संशय घेणार नाही. फार बाजू घ्यायची तिची. वाचता वाचता मला थांबवायची आणि म्हणायची, बिचारीला कुणी जेवलीस का म्हणून विचारत नाही."

"मग त्या मेलेल्याचा मेहुणा?"

"मेहुणा..." काकांनी मधलं एक पान उघडलं. "इथं तो खोटं बोलतो, ते तिनं पकडलं होतं खरं."

दोघं बराच वेळ पुस्तकातल्या त्या घरातल्या एकेका माणसाबद्दल बोलत राहिले. वाचनालय बंद करायची वेळ झाली तेव्हा काकांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घरी नेलं.

पंधरा दिवसांनी ते मुदत वाढवून घ्यायला आले.

"आता मेहुणा वाटत नाही," एवढंच म्हणाले.