यादोरावांचा भोंगा आणि खालची बांधी

मी एक जुना पत्र्याचा भोंगा आहे. एका बाजूने निमुळता, दुसऱ्या बाजूने परातीएवढा पसरट. मित्रांनो, हल्ली तुम्ही मला खुंटीवरून काढता, आत तोंड घालून "हूऽऽ" करता आणि टाकून देता. मध्यंतरी एका कोंबडीने माझ्यात अंडे घातले होते. घालू द्या. एके काळी माझा आवाज ऐकायला गोंदियाच्या बाजारात बैलगाड्या थांबत असत.

जन्माने मी रॉकेलचा डबा. गोंदिया स्टेशनाजवळ मुन्नालाल नावाचा पत्र्याचे काम करणारा कारागीर बसायचा. त्याने मला कापले, वळवले, सांधले. मला घ्यायला आले होते हिवरटोल्याचे यादोराव. संवत छप्पन्नच्या, म्हणजे १९०० सालच्या, दुष्काळात पाळण्यात असलेले हे पोर मोठेपणी गावचे पुढारी झाले होते. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, दिवाणाशी भांडून त्यांनी गावची वेठ बंद पाडली होती. हिंमत, हुशारी, पांढरा फेटा, सगळे जागच्या जागी होते. नव्हता तो आवाज. तो इतका बारीक, की सभेत मागून लोक ओरडायचे, "मोठ्यानं बोला, जी!" आणि आता त्यांना लोकल बोर्डाची निवडणूक लढवायची होती.

यादोरावांनी मला तोंडाला लावले आणि जोरात फुंकर मारली.

"फूँको नहीं बाबूजी, बोलो!" मुन्नालाल हसून म्हणाला. "ये शहनाई थोड़े ही है!"

मग ते बोलले, "भाऊबंदहोऽऽ!" समोर उभ्या टांग्याचा घोडा दचकला, पानवाल्याने दुकानातून मान बाहेर काढली. यादोरावांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे नव्या बैलजोडीकडे पाहावे. त्या क्षणी मी त्यांचा झालो.

ती निवडणूक आम्ही जिंकली. आम्ही म्हणतो मी. माझ्याशिवाय त्यांचे काय झाले असते ते तुम्हीच सांगा.

पुढे यादोरावांचे नाव झाले आणि त्यांच्याविषयी भांडणेही झाली. चावडीवर दोन माणसे बसली की एक त्यांना देवमाणूस म्हणायचा आणि दुसरा लबाड. गोंदियात बिडी वळणाऱ्या बायांच्या सभेत त्यांनी कारखानदाराला फैलावर घेतले आणि दुपारी त्याच्याच घरी जेवायला बसले. त्यांची बायको अनुसयाबाई चिडली.

"लाज नाई वाटत का जी? सकाळी शिव्या देल्ल्या अन् दुपारी त्याचाच भात खाऊन राहिले!"

"भात खाल्ला मनूनच त्यानं माहं आयकलं," यादोराव म्हणाले.

आणि खरेच, आठवड्याच्या आत कारखान्यात बायांसाठी प्यायच्या पाण्याचे रांजण आले. अनुसयाबाईला राग आवरेना आणि हसूही आवरेना. माझ्या मालकाचे सगळे असेच होते.

आता आमच्या गावाची रीत सांगतो. तलाव मालगुजाराचा, पण पाण्याची पाळी पंच ठरवत आणि पंचांत यादोरावांचा शब्द मोठा. तलावाचा बांध ती पाळ; तिला लागून वरची आळी आणि त्या आळीच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते. पाटाच्या पार शेवटी खालचा टोला, गरिबांची वस्ती. सगळ्यांत शेवटची बांधी शामकला नावाच्या विधवेची. तलावाचे पाणी सोडायचे दार म्हणजे तुडूम. तो उघडला की पाणी आधी वरच्या बांध्यांत, मग उरले तर खाली. शेवटच्या बांधीवरून "आलंऽ!" अशी हाक आली की तुडूम बंद. कमी पावसाच्या वर्षी ती हाक यायचीच नाही, आणि नाही आली तरी कोणी विचारायचे नाही.

नागपूरच्या असेंब्लीची निवडणूक आली, तेव्हा यादोराव वरच्या आळीत म्हणाले, "पहिलं पाणी तुमचं!" मग ते खालच्या टोल्यात जायला निघाले. पण ऊन होते, म्हणून तलावाच्या पाळीवरच थांबून टोल्यातल्या लोकांना तिथे बोलावले आणि मला तोंडाला लावून म्हणाले, "पहिलं पाणी तुमचं!" घात तिथेच झाला. भरल्या तलावावरून आवाज असा सरकत जातो की विचारू नका. पलीकडच्या काठावर वरच्या आळीच्या बाया कपडे धूत होत्या. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला.

"दोघायलेही पहिलं कसं भेटन?" घरी अनुसयाबाईने विचारले.

"पाऊस बरा झाला, तर भेटन," यादोराव म्हणाले.

गावभर हसे झाले, तरी ते निवडून आले. तेव्हा मत सगळ्यांना नव्हते. ज्याच्या नावावर पुरेशी जमीन, त्यालाच. म्हणजे वरच्या आळीला होते, खालच्या टोल्यात जवळजवळ कोणाला नव्हते. शामकलाला तर नव्हतेच. वरच्या आळीने विचार केला, बोलला दोन्हीकडे, पण आहे आपला. मला हिरवा रंग दिला गेला, गळ्यात झेंडूची माळ पडली. काय दिवस होते ते!

मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका वर्षी पावसाने दगा दिला. धान पोटरीला आले, लोंबी फुटायच्या बेतात, आणि आभाळ कोरडे पडले. तलावात पाणी अर्ध्याहून कमी. सगळे गाव पाळीवर जमले. वरच्या आळीचा केवलराम पुढे झाला. तो यादोरावांचा बालमित्र आणि निवडणुकीतला उजवा हात.

"यादोराव, शब्द देल्ला होता. पहिलं पानी आमचं."

"आमालेही देल्ला होता," मागून शामकला म्हणाली. तिच्या हातात वाळलेल्या धानाची पेंडी होती. "वरच्यायच्या धानाले अजून आठ दिवस दम आहे. माह्या धानाले उद्याचा दिवस नाई. हे गेलं तर लेकरायले काय घालू?"

सगळे यादोरावांकडे पाहू लागले. त्यांच्या स्वतःच्या बांध्याही वरच्या आळीतच होत्या. त्यांची मते तिथली, सोयरे तिथले. मी त्यांच्या हातात होतो. कुणाला तरी दिलेला शब्द आज मोडणारच होता.

"वरच्या बांध्यायची तोंडं बंद करा," ते म्हणाले. "पानी आंदी खालतं जाईन. शेवटून वर भरत येऊ."

"यादोराव, मत कोन देते तुमाले?" केवलराम ओरडला.

"तू देतं. मनूनच तर तुले सांगून राहिलो."

पाणी मध्येच कोणी फोडू नये म्हणून यादोराव मला घेऊन पाटाच्या कडेकडेने थेट शामकलाच्या बांधीवर जाऊन उभे राहिले. पाणी सापासारखे सरसरत आले आणि भेगांत शिरले. शामकलाने पदर तोंडाला लावला. पाळीवर शिव्यांचा एवढा गलका चालला होता, की यादोरावांनी मला तोंडाला लावून सगळा जीव एकवटला. "आलंऽऽऽ!"

खालचा टोला वाचला. वरच्या आळीला अर्धे धान मिळाले, यादोरावांनाही तेवढेच.

पण अर्धे पोट माणूस विसरत नाही. वरच्या आळीने त्यांच्या ओसरीवर येणे सोडले. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, त्यांना कोणी बसायला जागा दिली नाही. पुढच्या निवडणुकीत केवलराम त्यांच्याविरुद्ध उभा राहिला आणि निवडून आला. खालच्या टोल्यातली माणसे निकाल ऐकून रडली. त्यांच्या रडण्याला मत नव्हते. यादोरावांनी मला खुंटीवर टांगले. माझा हिरवा रंग उडाला, कडेला गंज चढला. कोंबडीचे ते अंडे त्याच दिवसांतले. मला फार वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

१९४७ च्या ऑगस्टात पाळीवर तिरंगा चढवायचा ठरला. केवलराम आमच्या ओसरीवर आला आणि मान खाली घालून म्हणाला, "भोंगा पायजे होता." अनुसयाबाई काही बोलणार, तोच यादोरावांनी मला स्वतः काढून पुसून दिले. केवलरामाचे भाषण लांबले. आवाज दणदणीत होता त्याचा, माझी त्याला काही गरज नव्हती.

त्या वर्षीही शेवटचा पाऊस हुकला. पुन्हा सगळे गाव पाळीवर जमले. शामकला आली, अनुसयाबाई आली, यादोराव सर्वांत मागे उभे राहिले. आता तुडमाजवळ केवलराम होता. त्याने गर्दीतून वाट काढली आणि मला यादोरावांच्या हातात ठेवले.

"खालतं जा जी. तुमी 'आलं' मनाल्याबिगर वरचं एकही तोंड खोलत नाई."

यादोराव डोळे बारीक करून म्हणाले, "काऊन गा, केवलराम? आता सगळ्यायलेच मत भेटनार मनतात. अक्कल आली, का मतं दिसली?"

"दोनी," केवलराम म्हणाला आणि हसला.

"कायले का असेना," शामकला म्हणाली, "पानी तर सोडा!"

यादोराव पाटाच्या कडेने निघाले. आता ते थकले होते, पावले जपून पडत होती. पाणी त्यांच्याआधी पोहोचले आणि शेवटच्या बांधीत पसरले. त्यांनी मला तोंडाजवळ नेले. मी तयार होतो, गंजलेला असलो तरी तयार होतो. पण त्यांनी क्षणभर पाळीकडे पाहिले. सगळे गाव तिथे गप्प उभे होते, कान देऊन. त्यांनी मला हळूच बांधावर ठेवले आणि आपल्या त्याच बारीक, चिरक्या आवाजात हाक दिली.

"आलंऽ!"

पाळीवर ती ऐकू गेली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला कोरड्या फडक्याने पुसत जा, रॉकेल ओतायला नेऊ नका, खुंटीवर राहू द्या. सभेला लागलो तर खुशाल न्या. पण शेवटच्या बांधीवरून कोणी बारीक आवाजात हाक मारत असेल, तर मला शोधत बसू नका. तेवढा वेळ सगळे गप्प राहा.