चपलांची राखण

ताफारा जोहान्सबर्गमध्ये आठवडाभर एका दुकानाची राखण करायचा आणि शनिवारी प्रार्थनेला आला की चपलांची. झिम्बाब्वेतून आलेल्या या पांढऱ्या झग्यांच्या ख्रिस्ती मंडळाला ना छप्पर ना भिंत. माळावरचं दगडांचं रिंगण हीच देवाची जागा. तिथे पायात काही घालून जायचं नाही. मागे एकदा सगळे डोळे मिटून असताना चोरांनी चपला लांबवल्या आणि भलेभले अनवाणी घरी गेले. तेव्हापासून ताफारा बाहेर.

त्या शनिवारी गावाहून बहिणीचा फोन आला. आईने अन्नपाणी सोडलं होतं. आजाऱ्याचं नाव रक्ताच्या माणसानेच रिंगणात गुडघे टेकून घ्यायचं, अशी रीत.

"आज मला आत जाऊ द्या, मादझिबाबा," तो मंडळाच्या वडीलधाऱ्या झकारियाला म्हणाला. तिथे सगळ्याच पुरुषांना 'मादझिबाबा' म्हणतात.

"मग चपला कोण बघणार? तुझा शेठ? माझे नवे कोरे बूट गेले, विसरलास? पुढच्या शनिवारी बघू."

"तोवर म्हातारी थांबायला हवी ना!"

झकारिया काठी टेकत आत गेला. माणूस देवाचा खरा, पण बुटांची जखम अजून ओली होती.

गाणं सुरू झालं. ताफाराने थोडा दम धरला. मग बूट काढून चपलांच्या ढिगात फेकले आणि आत जाऊन गुडघे टेकले.

"अगंबाई, हा आत? मग बाहेर कोण?" मंडळातली रेबेका कुजबुजली.

त्याने आईचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि नजर ढिगाकडे गेली. डोळे मिटले, पुन्हा उघडले. रस्त्याने दोघे जण चालले होते. तो त्यांचे हात बघत राहिला. नाव काही ओठांवर येईना. राखण करून करून तो डोळे मिटायचंच विसरला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

झकारिया समोरून बघत होता. तो उठला, बाहेर गेला, ढिगातून आपले बूट शोधून पायात चढवले आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"मीट आता डोळे," तो मागे न वळता म्हणाला. "आणि मोठ्याने घे नाव. मलाही ऐकू आलं पाहिजे."

ताफाराने डोळे मिटले. नाव हुंदक्याबरोबर बाहेर पडलं, "एरिना."

'आमेन' सगळ्यांत आधी रिंगणाबाहेरून आलं.