गोमतीनं तोंड लावलं

शर्वरी, तू आधी फक्त ऐक. बीचमध्ये बोलायचं नाही, नाहीतर माझी लिंक तुटते. आधीच माझं मलाच काही समजत नाहीये.

तर मिल बंद झाल्यावर बाबांनी राजेंद्र नगरच्या पलीकडे नाल्याकाठची जमीन बटाईने घेतली ना, तिथे नेपियर लावलं. गुरांचं ते उंच गवत गं, उसासारख्या कांड्या रोवून लावतात. डेअरीवाल्या यादवजींनी सांगितलं होतं, कमरेच्या वर गेलं की कापा, बुडाशी थोडं ठेवा, परत फुटतं. पण बाबा पडले मिलच्या बुनाई खात्यातले, कापड विणणारे! जितकं लांब तितका माल. रोज बांधावर उभे राहून खुश, "बघ श्रिया, अजून हातभर वाढलं!" वाढता वाढता ते बाबांच्या डोक्यावरून गेलं आणि दांडे झाले एकदम बांबू. यादवजी आले, एक दांडा मोडायला गेले, मोडेचना. म्हणाले, "भिया, भैंस को खिलाना है, छप्पर नहीं छाना!" आणि चालले गेले.

आता इतक्या गवताचं करायचं काय? काल सर्वपित्री होती, तर बाबा म्हणाले, देवळासमोर बसू. आमच्या गोमती गाईला शेजारी बांधायचं, लोक पेंढी घेतात आणि पितरांच्या नावाने तिलाच खिलवतात. तिने सकाळी पानं खाल्ली पण. मग लोकांनी खीर-पुरी, वडे सुरू केले, अख्ख्या सुदामा नगरचं श्राद्ध तिच्या पोटात! दुपारपर्यंत दांड्यांकडे बघायलाही तयार नाही. थोडं कोवळं गवत होतं, कडेला नवीन फुटलेलं, ते मी तिच्या संध्याकाळसाठी ओल्या पोत्याखाली दाबून ठेवलेलं.

तेवढ्यात इंदूमावशी आल्या, सोबत त्यांची सुमेधाताई. ताईचे वडील, नाना, बाबांच्याच खात्यात होते, मिल परत सुरू होईल म्हणत म्हणत उन्हाळ्यात वारले. मावशींनी पेंढी घेतली, नानांचं नाव घेतलं, पुढे केली. गोमतीनं मान फिरवली. या बाजूने दिली, तर त्या बाजूला फिरवली.

मागून कोणी बाई बोलली, "कुछ इच्छा बाकी रह गई दिखती है."

बस! मावशींचा चेहराच उतरला. कावळा पिंडाला शिवत नाही तेव्हा करतात ना, तसे हात जोडले. "अहो, सुमेधाचं लग्न दिवाळी झाली की करून टाकते. आता तरी घ्या." गोमती आपली शेपटी हलवत उभी. मावशी रडायलाच लागल्या. मी बाबांकडे बघितलं, आता बोला ना, दांडे कडक आहेत म्हणून! पण समोर गिऱ्हाइकांची लाइन. बाबा एकाच पेंढीची दोरी आवळत बसले.

मग ताई पुढे आली. हळूच म्हणाली, "नाना, मी कॉम्प्युटर शिकायला पुण्याला जाऊ?"

"सुमे!" मावशी ओरडल्या. "घरी झालंय ना आपलं बोलणं? नाही म्हणजे नाही!"

आणि मला काय झालं माहीत नाही, मी पोत्याखाली हात घातला, मूठभर कोवळं ओढलं, त्यांच्या पेंढीत खुपसायला गेले आणि गोमतीनं कच्चकन तोंड लावलं!

मावशी तिच्या पायाशी बसूनच गेल्या. "जा बाई, जा पुण्याला. त्यांची मर्जी." लोक हात जोडायला लागले. आमच्या पेंढ्या तर अशा उठल्या की विचारू नको. बाबा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

मग मी माझी मूठ उघडली. अर्धं कोवळं गवत मुठीतच! बाकीचं खाली पडलं की तिने खाल्लं? आणि गोमतीच्या तोंडातून तर जाडजूड दांडा लोंबतोय, कडाकड चावतेय! सकाळपासून नाही खाल्ला तो आताच कसा? कोवळ्याच्या वासाने फसली? का खरंच नाना...? यार, मी हे असलं मानत नाही. मतलब, कालपर्यंत नव्हते मानत.

हात धुवायला नळावर गेले तर ताई मागून आली. डोळे लाल. "श्रिया, तुझा हात मी बघितला. खरं सांग, तू खिलवलंस, का नानांनी हो म्हटलं?"

मी म्हटलं, "ताई, आता जायला तर मिळतंय ना! काय फरक पडतो?"

"मला पडतो. नानांनी म्हटलं असेल तरच जाईन. आईला फसवून नाही जायची मी."

नळ तसाच वाहतोय आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी. 'नानांनी' म्हणावं तर मला कुठे माहीत? 'मी' म्हणावं तर तेही कुठे माहीत? आणि 'माहीत नाही' म्हटलं की ही बॅग भरणार नाही, दिवाळी झाली की हिचं लग्न. सांग ना शर्वरी, तू असतीस तर काय म्हटलं असतंस?