घरटी एक पूर्णांक नऊ

नोरलुंड गावात शिरताना रस्त्याच्या कडेला हिरवी पाटी आहे. वर गावाचं नाव, खाली आकडा, ११८. आकडा दहा वर्षांपूर्वीचा. त्यानंतर कोण मेलं, कोण ओमाहाला पळालं, याची पाटीला खबर नाही. ती आपली मक्याच्या शेताकडे तोंड करून उभी, आणि गावातली निम्मी माणसंही तशीच.

आर्डिस सँडाल या गावसमितीची बावीस वर्षं अध्यक्ष. दर वेळी निवडून येते असं म्हणतात खरं, पण तिच्यासमोर उभं राहायला कुणाची छाती होत नाही हे जास्त खरं. शाळा आठवीपर्यंत. पुढे शिकली नाही, कारण शिकलेल्यांचं काय होतं ते तिनं जवळून पाहिलं होतं. थोरली बहीण शिकली, मास्तरीण झाली, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसत राहिली.

मार्चमध्ये जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं. या शिरगणतीत जी गावं शंभराच्या खाली जातील, त्यांची समिती मोडून ती जवळच्या मोठ्या गावाला जोडायची, असं घाटत आहे. जवळचं मोठं गाव म्हणजे ड्रेव्हर. ड्रेव्हरला माणसं तीनशे, चर्चं दोन, आणि अक्कल दोन्हींत मिळून पसाभर. उद्या पाटीवर नोरलुंडच्या जागी ड्रेव्हर लिहिलेलं दिसलं तर आर्डिसचा नवरा थडग्यात कूस बदलेल. जिवंतपणी तो कधी वेळेवर उठला नाही ही गोष्ट वेगळी.

पत्राबरोबर गेल्या मोजणीचं चोपडंही होतं. त्यात गावाची कुंडलीच मांडलेली. घरं इतकी, त्यातली रिकामी इतकी, पासष्टच्या वरची इतकी, पाच वर्षांखालची तीन. ती तिन्ही पोरं एव्हाना ड्रेव्हरच्या शाळेत फुटबॉल खेळत होती, म्हणजे त्यांना मेल्यात धरायला हरकत नव्हती. आणि शेवटी लिहिलं होतं, घरटी माणसं १.९. या दशांशावरून गावात दहा वर्षं थट्टा चाललेली. कुणाच्या घरात अख्खं एक आणि कुणाच्या घरात नऊ दशांश, हे ज्याचं त्याला ठाऊक. आर्डिसच्या मते लग्न झालेल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी प्रार्थना आटोपली तसं गाव चर्चच्या तळघरात कॉफीला बसलं. कॉफी नेहमीसारखीच, कपाचा तळ दिसेल इतकी पातळ. गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली टेबलाच्या मधोमध थरथरत होती, आणि तिला कुणी हात लावत नव्हतं. आर्डिस चर्चच्या पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं रेघा ओढत प्रत्येकाला उभं करत होती.

"लाव्हॉन, तुझ्याकडे किती?"

लाव्हॉन एंगडाल गावचं पोस्ट सांभाळायची. "मी आणि रस. दोन."

"फॉर्म टाकलास?"

"टाकते की."

"पोस्ट तुझ्याच हातात आणि फॉर्म तुझाच राहिलाय. हलवायाच्या घरी पाहुण्याला गूळ."

रस मान खाली घालून हसला. तो हसला की लाव्हॉन टेबलाखालून त्याच्या नडगीवर चप्पल आपटत असे. आताही आपटली.

सगळ्यांत मोठा घोळ निघाला ऑस्टबर्ग बंधूंचा. व्हर्लिन आणि मिलो, दोघं सत्तरीचे, लग्न कुणाचंच नाही, राहायचे एका घरात. एकोणीसशे एकोणऐंशीत ट्रॅक्टरच्या एका चाकावरून भांडले, त्याला आता एकतीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून एकमेकांशी बोलले नव्हते. मधला निरोप घरातल्या कुत्रीमार्फत जायचा. कुत्र्या तीन झाल्या, भांडण तेच. आता दोघांनीही आपापलं पान हातात धरून सांगितलं, "माझ्या घरात एक."

"एकाच पत्त्यावरून दोन फॉर्म, आणि दोन्हींत एक एक," आर्डिस म्हणाली. "सरकार काय समजेल? समजेल की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आणि त्यानं दोनदा लिहिलं. एक फाडून टाकेल. एक माणूस गेला गावाचा."

"मी त्याच्याबरोबर राहत नाही," व्हर्लिन म्हणाला.

"मग कुणाबरोबर राहतोस?"

"मी माझा राहतो. तो तिथं असतो."

मिलोनं टेबलाखालच्या कुत्रीकडे बघून सांगितलं की असतो ते खरं आहे.

आर्डिसनं पेन्सिल खाली ठेवली. ती पेन्सिल खाली ठेवते तेव्हा पाद्रीसुद्धा बिस्किट चावायचं थांबवतात. "हे बघा. कोण कुणाशी बोलतं, कोण कुणावर रुसतं, यावरून घर ठरत नाही. नाहीतर या गावात एकही घर निघायचं नाही. ज्याचे कपडे ज्या घरच्या दोरीवर वाळतात, तो त्या घरचा. तुमच्या दोघांच्या लांब चड्ड्या एकाच दोरीवर असतात. मी रोज बघते, बघायची इच्छा नसताना. एक फॉर्म, माणसं दोन. कळलं?"

दोघांनी मान हलवली, पण एकाच वेळी हलली म्हणून दोघांनाही वाईट वाटलं.

मग तिनं बेरीज केली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. नव्याण्णव.

एबा फ्रोस्ट, वय ब्याण्णव, कानानं कमी, तिलासुद्धा तो आकडा ऐकू आला असावा. सगळे आपापल्या कपात बघू लागले. इतक्या पातळ कॉफीत बघण्यासारखं काही नसतं, तरी बघत राहिले.

कारण शंभरावा माणूस कोण हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं.

आर्डिसचा मुलगा कर्टिस, वय पन्नास, ओमाहाला बायकोनं, डेनिसनं, घराबाहेर काढला त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो आईच्या तळघरात राहत होता. पहिल्या रविवारी कुणीतरी विचारलं, "कर्टिस आलाय वाटतं?" आर्डिस म्हणाली, "पाहुणा आलाय, शनिवार-रविवारपुरता." दुसऱ्या रविवारी तेच. असे दीडशे रविवार गेले. त्याची निळी पिकअप मागच्या अंगणात लांब गवताआड उभी असे, आणि तो रोज सकाळी त्याच गाडीतून धान्याच्या कोठारावर कामाला जाई, जिथं गावातले दहा जण त्याच्याबरोबर पोती आणि वजनं बघायचे. पण नोरलुंडची रीत अशी की बाईनं झाकलेलं भांडं दुसऱ्यानं उघडायचं नाही. सगळे विचारायचे, "कर्टिस पुन्हा आलाय का?" आणि सगळे मान डोलवायचे. ज्या बाईनं चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या काडीमोडांची गणती केली, तिला आपल्या घरची गणती करायला कोण सांगणार?

"एक कमी आहे," आर्डिस म्हणाली. "कुणीतरी कुणालातरी विसरलंय."

"हो ना," लाव्हॉन कपाला म्हणाली.

"आठवा नीट."

"आठवतो," रस म्हणाला, आणि नडगी आधीच मागे घेतली.

घरी येऊन आर्डिसनं टोपी काढली, घड्याळामागून स्वतःचा फॉर्म ओढला आणि पुन्हा घड्याळामागे सारला. सगळ्या गावाच्या मानगुटीवर बसून फॉर्म टाकायला लावणाऱ्या बाईचा फॉर्म तीन आठवडे तिथंच होता. शाई संपली होती, असं तिनं स्वतःला सांगितलं. घरात पेनं अकरा होती.

कर्टिस जिना चढून वर आला. त्याच्या हातात सुकलेली पँट होती. तीन वर्षं आर्डिस त्याचे कपडे तळघरात, बॉयलरशेजारी दोरी बांधून वाळवत होती. बाहेरच्या दोरीवर फक्त तिचे झगे, खळीनं ताठ, एका विधवेला शोभतील असे. कर्टिसच्या अंगाला म्हणून कायम तेलाचा आणि ओलीचा वास यायचा.

"किती झाले?" त्यानं विचारलं.

"नव्याण्णव."

"हं." त्यानं फ्रीज उघडून कालचं बटाट्याचं कॅसरोल काढलं आणि उभ्यानंच खाऊ लागला. "आई, डेनिसनं तिकडचा फॉर्म भरला. पोरीनं फोनवर सांगितलं. त्यात मी नाही."

"कशी असशील? तिनं तुला काढला."

"आणि इथला फॉर्म घड्याळामागे आहे."

"मग?"

"काही नाही. तीस कोटींत एक मी कुठंच नाही, एवढंच. देश काही बुडत नाही."

"देशाचं कोण बोलतंय? गाव बुडतंय," आर्डिस म्हणाली. "आणि बसून खा. पाहुण्यासारखा उभा काय राहतोस?"

हे बोलून गेल्यावर तिनं भांडी घासायला घेतली. भांडी स्वच्छ होती.

कर्टिस बसला. "तू म्हणत असलीस तर मी ड्रेव्हरला खोली बघतो. तिथं मोजतील मला."

आर्डिसच्या हातातलं झाकण जागच्या जागी थांबलं. आपल्या पोटचा पोर ड्रेव्हरच्या बेरजेत. तीनशेचे तीनशे एक. जन्मल्यापासून त्या पोरानं तिला बरेच धक्के दिले होते, पण असा अजून दिला नव्हता.

"तोंड सांभाळून बोल," एवढंच ती म्हणाली.

मे महिन्यात मोजणीवाली आली. जोलीन क्रूस तिचं नाव, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला काळी पिशवी. ज्यांचे फॉर्म आले नाहीत त्यांच्याच दारी ती जात होती. गावात अशी चार घरं होती. एंगडाल, ऑस्टबर्ग, एबा फ्रोस्ट आणि शेवटचं समितीच्या अध्यक्षीणबाईंचं. आदल्या तीन घरांतून ती आली तेव्हा तिचा चेहरा जरा गोंधळलेला होता.

"मिसेस सँडाल, पाचच मिनिटं लागतील. एक एप्रिलला या घरात किती माणसं राहत होती?"

"एक."

जोलीननं लिहिलं नाही. तिची नजर दारामागच्या बुटांवर होती. बारा नंबरचे, चिखलानं माखलेले, शेजारी आर्डिसच्या चपला चिमणीच्या पिलांसारख्या.

"ते पाहुण्याचे," आर्डिस म्हणाली.

"पाहुण्याचं दुसरीकडे घर आहे?"

"होतं."

"आता?"

आर्डिसनं बाहेर बघितलं. समोरच्या कुंपणापलीकडे ऑस्टबर्गांची दोरी. दोन लांब चड्ड्या, एकीला दुसरी लागू नये म्हणून मध्ये हातभर अंतर सोडून, पण एकाच वाऱ्यानं हलत. स्वतःचं बोलणं कुणी आपल्यावर उलटवलं की आर्डिस त्या माणसाची सात पिढ्यांसकट हजेरी घेत असे. इथं उलटवणारं दुसरं कुणी नव्हतं, ती तरी काय करणार?

"पोरी, पेन आहे ना नीट चालणारं?"

"आहे."

"मग लिही, दोन. दुसरा कर्टिस. माझा मुलगा. पन्नास वर्षांचा, बायकोनं टाकलेला, आणि तळघरात राहतो. तळघरासाठी वेगळी चौकट आहे का?"

"नाही, मिसेस सँडाल."

"बरं झालं. पाहुणा लिहू नकोस. मुलगा लिही."

नाव कसं लिहायचं ते जोलीननं विचारलंच नाही. "स्पेलिंग माहीत आहे," असं म्हणाली, मग जीभ चावली आणि पिशवी आवरू लागली. सरकारी माणसं शपथ घेऊन येतात, दुसऱ्या घरचं सांगत नाहीत. आर्डिसला वाटलं, पोरगी हुशार आहे, ड्रेव्हरची दिसत नाही.

मग सोमवार आला, धुण्याचा दिवस. आर्डिसनं बॉयलरजवळची दोरी चाकूनं कापली. सकाळी नऊ वाजता, जेव्हा अख्खं गाव पोस्टात पत्रं घ्यायला जातं, तेव्हा तिनं बाहेरच्या दोरीवर कर्टिसच्या चार पँटी, सहा सदरे आणि भोकाचे मोजे एकेक झटकून घातले. झग्यांच्या मधोमध. पोस्ट उघडायला निघालेली लाव्हॉन रस्त्यावरून गेली. "वारा बरा आहे आज," एवढंच म्हणाली.

"धुणं बघून जा हवं तर," आर्डिस म्हणाली. "तीन वर्षं वाट बघितलीस."

पुढच्या वसंतात आकडे जाहीर झाले आणि रस्ताखात्याची दोन माणसं नवी पाटी घेऊन आली. गावसमिती वाचली, नोरलुंडचं नाव वाचलं. आर्डिस पाटीखाली उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून वाचलं, आणि पुन्हा वाचलं. पाटीवर होतं, १०३.

नव्याण्णव आणि तिचा एक, शंभर. आठवीपर्यंतची शाळा एवढ्याला पुरते. वर्षभरात गावात जन्मलं कुणी नव्हतं. जन्माला घालतील अशी माणसंच गावात नव्हती. मग हे तीन कुठून आले?

रविवारी तळघरात जेली थरथरत होती. आर्डिस कप घेऊन लाव्हॉनसमोर बसली.

"लाव्हॉन, गेल्या एप्रिलात तुझ्याकडे तिसरं कोण राहत होतं?"

लाव्हॉननं कपात बघितलं. रसनं कपात बघितलं. व्हर्लिननं बघितलं, मिलोनं टेबलाखाली बघितलं. एबा फ्रोस्टला ऐकूच आलं नाही, किंवा तिनं तसं ठरवलं.

"पाहुणा होता," लाव्हॉन म्हणाली. "शनिवार-रविवारपुरता."

"तुझ्याकडे, व्हर्लिन?"

"हो, तोच," व्हर्लिन म्हणाला, आणि बत्तीस वर्षांनी भावाकडे वळला. "की नाही, मिलो?"

"असतो म्हणायचा," मिलो म्हणाला, कुत्रीला न विचारता.

तळघराच्या दुसऱ्या टोकाला कर्टिस खुर्च्या लावत होता, त्याच्या सदऱ्याला ऊन लागल्याचा वास होता. आर्डिसला पुष्कळ काही बोलायचं होतं. सरकारला फसवण्याबद्दल, दुसऱ्याच्या झाकल्या भांड्यात चमचा घालण्याबद्दल, आणि जेलीत गाजर घालणाऱ्या बायकांबद्दलही. त्याऐवजी तिनं किटली उचलली आणि सगळ्यांच्या कपात एकेक फेरी ओतली.

"पातळ झालीय आज," ती म्हणाली.

"रोजच असते," लाव्हॉन म्हणाली.