बोलतो, बोलते

तिचा आवाज पहिल्यापासूनच खर्जातला. शाळेत पोरं तिला भोंगा म्हणायची, आणि लग्न ठरताना आईने तंबी दिली होती, पाहुण्यांसमोर तोंड खायला तेवढं उघड. तरी लग्न झालं, नोकरीही लागली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत एकोणीस वर्षं तिने शाफ्टमध्ये लोंबकळून, कोपरापर्यंत ग्रीसने माखून काढली. मग उजवा गुडघा कामातून गेला आणि कंपनीने तिला ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसवलं. कुठेही लिफ्ट अडकली की फोन तिच्याकडे. दाराशी झटापट करू नका, वॉचमनला वर मशीनरूममध्ये पाठवा, मेन स्विच बंद करायला सांगा. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

अडचण यायची ती क्रियापदापाशी. "हॅलो, काय झालंय?" इथवर समोरचा निवांत असायचा. "साहेब, दोन मजल्यांच्या मध्येच अडकलीय बघा." मग ती म्हणायची, "थांबा, मेकॅनिक पाठवते." की पलीकडे एकदम शांतता.

"मॅडम बोलताय का?"

"हो."

"कोणी माहितीचा माणूस असेल तर द्या ना जरा."

एका गृहस्थाने तर इतका हट्ट धरला की तिने वैतागून फोन शेजारच्या क्लार्कच्या हातात दिला. त्याला लिफ्टमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती त्याच्या कानाशी एकेक वाक्य सांगत गेली, तो पोपटासारखा म्हणत गेला, आणि गृहस्थ "हो साहेब, हो साहेब" करत सगळं ऐकत गेले. शेवटी वर म्हणाले, "हे त्या बाईंना आधीच सांगता आलं नसतं का?" तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि ती काही खाली उतरली नाही.

मॅनेजर तरुण होता, गोड बोलायचा. आठवडाभराने तो हातात एक कागद घेऊन आला.

"रागावू नका हं. लोक तुम्हाला पुरुष समजतात तेव्हा फोन चार मिनिटांत संपतो. बाई आहे कळलं की नऊ. आत अडकलेल्याला पाच मिनिटं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको."

"मग लोकांना सांगा."

"लोकांना काय सांगणार? तुम्ही 'पाठवतो' म्हणत जा. एका अक्षराचा तर प्रश्न आहे. आवाज देवाने तुम्हाला आयताच दिलाय."

तिच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण ती स्वतः एकदा शाफ्टमध्ये चाळीस मिनिटं अडकली होती. पाच मिनिटं म्हणजे काय, ते तिला खरंच माहीत होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. तो घड्याळं दुरुस्त करायचा, आणि आवाज त्याचा बारीक. फोनवर गिऱ्हाइकं त्याला 'वहिनी' म्हणायची, मिस्टरांना द्या म्हणायची. तो "देते हं" म्हणून जरा थांबायचा आणि खाकरून पुन्हा स्वतःच बोलायचा.

"मग 'पाठवतं' म्हण," तो म्हणाला. "नपुंसकलिंग. कुणाची तक्रारच नको."

"तुला गंमत वाटते."

"रोज चिडत बसलो तर जगू कसा?"

"तू खाकरलास की तुझं काम भागतं. मी काय करू?"

भाजी चिरता चिरता त्याचा हात थांबला. "ते मला नाही सांगता येणार," तो म्हणाला.

सोमवारपासून ती 'पाठवतो' म्हणायला लागली. फोन झटपट संपायला लागले. लोक 'दादा' म्हणायचे, आभार मानायचे. त्या आभारांचीच तिला शिसारी यायची. एकोणीस वर्षांच्या कामाने जे मिळालं नव्हतं, ते एका कान्याने मिळत होतं.

रविवारी दुपारी ऑफिसात ती एकटीच होती. एका लिफ्टच्या आतल्या बटणावरून थेट फोन आला. आठ-नऊ वर्षांची मुलगी, एकटीच, रडून रडून घसा बसलेला.

"घाबरू नकोस, बाळा. मी लिफ्टच्या ऑफिसातून बोलतो." आठवड्याभरात जिभेला वळण पडलं होतं.

"काका, तिथे कुणी मावशी नाही का?"

"अगं, मीच मावशी आहे. दारापासून लांब, मागच्या कोपऱ्यात बस बघू."

"खोटं. तुम्ही आत्ता 'बोलतो' म्हणालात."

"चुकून म्हणाले गं."

"आई म्हणते, असं खोटं बोलणाऱ्या काकांचं ऐकायचं नाही."

यानंतर मुलगी तिच्याशी बोलली नाही. लाईन मात्र चालू होती, आणि दार ओढल्याचा खडखडाट ऐकू येत होता. मेकॅनिकला तिने दुसऱ्या फोनवरून केव्हाच धाडलं होतं. ती विनवत राहिली, दार सोड, बाळा, दार सोड. आवाज बारीक करून पाहिला तर पोरगी किंचाळलीच. बावीस मिनिटं ती नुसती ऐकत बसली. मेकॅनिकने लिफ्ट उघडली तेव्हा दारात चिमटून पोरीच्या दोन बोटांची नखं गेली होती.

संध्याकाळी मुलीच्या आईचा फोन आला. तिने त्या आईला काही आडपडदा न ठेवता, मॅनेजरच्या सूचनेसकट सगळं सांगितलं.

"म्हणजे माझी पोर बाई शोधत होती, आणि बोलत होती बाईशीच."

"हो."

"त्यांनी सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत?"

"हो."

इतके दिवस तिचा राग मॅनेजरवर होता, माणूस द्या म्हणणाऱ्यांवर होता. आता तो तिच्या स्वतःवर उलटला, आणि तिने त्याला अडवलं नाही.

सोमवारी मॅनेजर म्हणाला, "हा अपवाद झाला. लहान मुलांशी 'बोलते' म्हणा, मोठ्यांशी 'बोलतो'. आणि हवं तर आवाजासाठी एखादा क्लास लावू."

"माझ्या आवाजात बिघाड नाही," ती म्हणाली. "बिघाड ओळखण्यातच माझा जन्म गेलाय. तुमची सूचना कागदावर लिहा, खाली सही करा. एक प्रत त्या मुलीच्या आईला पाठवते."

सही करायला तो काही तयार होईना. पण आईची तक्रार वरपर्यंत गेली आणि दोन दिवसांत सूचना मागे घेतल्याचं पत्र आलं. पत्र एका ओळीचं होतं. चूक कुणाची, ते त्यात नव्हतं. पोरीच्या बोटांचा उल्लेखही नव्हता. तिने ते दोनदा वाचलं आणि तिचे कान तापले.

त्याच दुपारी एकाचा फोन आला, त्याचा भाऊ लिफ्टमध्ये अडकला होता. पत्ता घेऊन तिने मेकॅनिक धाडला आणि तसं सांगितलं. "पाठवते" ऐकल्याबरोबर तो म्हणाला, "मॅडम, कोणी माणूस द्या."

"नाही देणार. इथे माहिती मला आहे."

त्याने फोन आपटला. तीन मिनिटांनी पुन्हा लावला.

"पुन्हा मीच बोलते," ती म्हणाली. "वॉचमन कुठे आहे तुमचा?"

पलीकडे त्याने एक शिवी अर्धीच गिळली, आणि मग वॉचमनला हाक मारली.