सातचा चहा

आमच्या थोरल्याला एक खोड आहे. "माहीत नाही" हे दोन शब्द त्याच्या जिभेला टोचतात. वाट विचारा, औषध विचारा, उत्तर तयार. मी चार बुकं शिकले नाही, पण ठाऊक नसेल तिथे तोंड मिटावं एवढी अक्कल मला आहे.

दोन दिवस मी बहिणीकडे गेले होते. जाताना त्याला बजावलं होतं, रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर वडिलांच्या खोलीत डोकावत जा. दुसऱ्या दिवशी फोन आला, तशी मी थेट इस्पितळ गाठलं. हे खाटेवर. तोंड वाकडं, उजवा हात ओल्या फडक्यासारखा. मला बघून काहीतरी म्हणाले, त्यात शब्द एकही नव्हता.

डॉक्टरीणबाई घाईत होत्या. "शेवटचे धडधाकट कधी दिसले? वेळ नीट सांगा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतो. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो."

"सकाळी सात वाजता," थोरला ठसक्यात म्हणाला. "माझ्यासोबत चहा प्यायले."

घड्याळात दहा वाजले होते. एक नर्स इंजेक्शनच्या तयारीला लागली. दुसरीने यांचं तोंड तपासलं. "कवळी काढून ठेवलीत का?"

"ती घरीच आहे," सूनबाई पुटपुटली. "रात्री वाटीत ठेवली तशीच."

बारा वर्षांत या माणसाने दात लावल्याशिवाय घोटभर चहा घेतलेला नाही. माझ्यासमोरसुद्धा नाही.

"थांबा बाई. हा खोटं बोलतोय."

"आई, काहीतरीच काय!"

"दातांशिवाय चहा? कुणाला शेंडी लावतोस रे?"

मग त्याने खरं सांगितलं. सकाळी बंद दाराआडून रेडिओ ऐकू आला, म्हणून उठले असतील असं तो धरून चालला. रेडिओ रात्रीपासूनच वाजत होता. आदल्या रात्री नऊनंतर यांना कुणी बघितलंच नव्हतं.

इंजेक्शन बाजूला ठेवलं. आल्याबरोबर एक स्कॅन झाला होता, तरी यांना पुन्हा त्या यंत्रात सरकवलं, नसेत औषध सोडून मेंदूत रक्त कुठे पोचतं, कुठे नाही, ते बघायला. बाईंनी पडद्यावर मला दाखवलं. "हिरवं ते उपाशी, पण जिवंत. ते वाचवता येतं. लाल ते गेलं."

डावी बाजू लालच लाल. हिरवी कड नखाएवढी.

"आजी, इंजेक्शन दिलं असतं तर कदाचित जिवावर बेतलं असतं. जगतील असं वाटतंय. पण बोलणं परत येणं कठीण आहे."

यांच्या शिव्या खाऊन मी संसार केला. आता त्याही गेल्या.

थोरला बाहेर बाकावर होता. "आई, डोकावलो नाही म्हटलं असतं तर तू चारचौघांत माझी सालं काढली असतीस."

"काढली असती. नि संध्याकाळी जेवायलाही वाढलं असतं. डोकावायचं राहिलं, ते मी गिळलं असतं, माणूस आहेस. पण माझ्या तोंडाला भिऊन तू बापाचा जीव पणाला लावलास. यांच्या उशाशी मी बसेन, सूनबाई बसेल. तुझ्यावर मी यांना पुन्हा सोडायची नाही. जा घरी."